बाळाक्काने शिकवलेली बिगरी

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या सभेत कोणीतरी विचारलं, "गुरुजी, आयुष्यात सर्वांत जास्त उपकार कोणाचे मानता?" समोर खुर्च्यांवर तीन साहेब बसले होते. मी मधल्या साहेबांचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. ते खोटं होतं. खरं नाव बाळाक्का. ती निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत चाळण मारायची. तिला अक्षरओळख नव्हती. तोंडात दात चारच उरले होते, पण त्या चार दातांमधून जे बाहेर पडायचं ते ऐकून भलेभले रस्ता बदलत. निरोपाच्या सभेत जे सांगायला माझी जीभ रेटली नाही, ते आता या दिवाळी अंकात सांगून टाकतो.

मी जन्मभर बिगरीचा मास्तर. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. नाक पुसायचं, बटणं लावायची आणि जमलं तर वाचायला शिकवायचं. मी मात्र बी.ए. होतो. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या घराण्यात, कागदावर अंगठा न उठवणारा पहिला माणूस मी. कोल्हापूरला माधुकरी मागून नाही, पण नातेवाइकांकडे वार लावून जेवून मी ती पदवी मिळवली. हायस्कुलात जागा होईपर्यंत म्हणून निपाणीच्या प्राथमिक शाळेत चिकटलो. हायस्कुलात जागा झालीही, पण ती दुसऱ्या कोणाची तरी झाली. वडिलांना कळलं तेव्हा ते नांगर टाकून बघत राहिले. म्हणाले, "बी.ए. हून बिगरी? मग मदलं समदं कशाला शिकलास रं?"



आमचे हेडमास्तर होते रावजी मास्तर. सीमेवरचं गाव, घरोघर दोन भाषा. त्यांचा राग कानडीत यायचा आणि शाबासकी मराठीत. शाबासकी मी फारशी ऐकली नाही. कानडी मात्र चांगली यायला लागली. शिकवण्याची त्यांची रीत त्यांच्या गुरूची आणि त्या गुरूच्या गुरूची. आधी पाटीची पूजा, हळदकुंकू, गूळखोबरं. मग क पासून ज्ञ पर्यंत घोकायचं, पाऊस येऊन जाईपर्यंत. मग बाराखडी. "क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि." सूर असा लागायचा, की शेजारच्या मारुतीच्या देवळातला पुजारी दाराशी येऊन मान डोलवायचा. पण त्याच पोरापुढे पाटीवर "काका" लिहिलं, तर ते म्हणायचं, "क ला काना का, क ला काना का."

"बरं, मग काय झालं?"

"दोन येळा झालं."

पोराला अक्षराचं गाणं येत होतं. अक्षर बोलतं, दोन अक्षरं मिळून काहीतरी सांगतात, याचा त्याला पत्ताच नव्हता. पुस्तकाचीही तीच गत. पहिलं पुस्तक अख्ख्या वर्गाला तोंडपाठ. एकदा तपासणीला डेप्युटीसाहेब आले. आमच्याकडे त्यांना दिपोटी म्हणत. त्यांनी एका पोराला उठवलं. पोरगं खणखणीत आवाजात धडा वाचायला लागलं. दिपोटी खूश झाले, जवळ गेले, आणि पाहतात तर पुस्तक उलटं. त्यांनी पुस्तक अलगद सुलटं केलं. पोरगं न थांबता वाचत राहिलं. मग साहेबांनी पुस्तक मिटलं. तरीही ते वाचतच राहिलं.

त्या संध्याकाळी रावजी मास्तरांनी मला बोलावलं. "तू बी.ए. आहेस ना? उद्यापासून बिगरी तुझी. बघू, कॉलेजात काय दिवे लावलेस." शेवटी एक कानडी शब्द होता, तो गाढवासाठी वापरतात.

मी मनापासून कामाला लागलो. बेळगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून मी एक इंग्रजी पुस्तक मिळवलं. विलायतेत लहान मुलांना आवाजावरून वाचायला कसं शिकवतात, ते त्यात लिहिलं होतं. अक्षराचं नाव शिकवू नका, नुसता आवाज शिकवा, असं त्याचं सार. विलायतेत ते अगदी बरोबर आहे. तिथे अक्षराचं नाव एक आणि आवाज भलताच. आपल्याकडे क चं नावही क आणि आवाजही क. म्हणजे ते पुस्तक आमच्यासाठी अर्ध्याहून जास्त निरुपयोगी होतं. पण मी पदवीधर. पुस्तकात जे लिहिलंय ते मी करणारच. मी क मधला अ काढून टाकला. नुसता अर्धा क् उरला. पोरांकडून तो म्हणवून घ्यायला लागलो. चाळीस पोरं मान पुढे काढून, घसा आवळून, एकदम म्हणायची: "क्! म्! ल्!"

चौथ्या दिवशी दुपारी एक म्हातारी वर्गाच्या पायरीशी उभी राहिली. अंगावर तंबाखूची भुकटी, कंबरेवर हात.

"ओ मास्तर, पोरास्नी काय झालंय?"

"काय झालंय?"

"वखारीतल्या बाया म्हणालत्यात, शाळंतल्या पोरास्नी उचकी लागलीया, कुणीतर पाणी पाजा."

"आक्का, ही नवी पद्धत आहे. इंग्रजांची."

"इंग्रजास्नी लागंना का उचकी! माजी नात बसलीया त्यात."

ही बाळाक्का. तिची नात शेवंता पुढच्या ओळीत बसायची. वर्गात मुली तीनच, त्यांतली ही. बाळाक्काला शिक्षणाचं कौतुक बिलकूल नव्हतं. पोरीला तिने शाळेत घातलं त्याचं कारण वखारीतला दिवाणजी.

तिचा मुलगा लामावर गेला होता. आमच्याकडे लढाईला लाम म्हणतात. बेळगावला पलटणीत भरती झाला आणि समुद्रापार गेला. तो गेल्यावर सासू-सुनेचं बिनसलं. सून पारू तान्हं बाळ काखेला मारून कोगनोळीला माहेरी निघून गेली. शेवंता आजीपाशी राहिली. मुलाचं पत्र आलं की ते वाचणार कोण? वखारीचा दिवाणजी. तो वखारीच्या मधोमध बैठकीवर बसून, कीर्तनकारासारखा थांबत थांबत, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं वाचायचा. एका पत्रात मुलाने लिहिलं होतं, "आई, तुझं तोंड आवर आणि पारूला घेऊन ये." दिवाणजीने ते वाक्य दोनदा वाचलं. पुढे दोन महिने वखारीत कोणीही काही बोललं, तरी दुसरी म्हणायची, "तोंड आवर गं!"

म्हणून बाळाक्काने ठरवलं होतं, की घरात वाचणारं माणूस पाहिजे. मला तिने सरळच सांगितलं.

"मास्तर, फुडल्या दिवाळीपतोर ह्या पोरीनं माज्या ल्योकाचा कागद मला घरात, दार लावून, वाचून दावला पायजे. न्हाय जमलं, तर पाडव्यापास्नं ती माज्यासंगं वखारीत. आट वर्सांची व्हईल. माजं काय जाईना, दोन हात वाडत्याल."

ती हे चेष्टेने बोलत नव्हती. वखारीत तेवढ्या वयाच्या पोरी होत्याच. एकदा गेलेली पोरगी शाळेत परत आलेली मी पाहिली नव्हती. शेवंता फळ्याकडे बघत होती. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे तिला कळत होतं.

"आक्का, अहो, वाचन शिकवणं म्हणजे..."

"म्हंजे काय? आमी न्हाय व्हय शिकवत नव्या पोरींस्नी? उद्या दुपारच्याला वखारीत या. दावते."

बी.ए. झालेल्या माणसाने वखारीत जाऊन चाळणवालीकडून शिकवण्याचे धडे घ्यावेत, हे मला अजिबात पटलं नव्हतं. तरी गेलो. उचकीची गोष्ट गावभर झाली होती, आणि दुसरा उपायही नव्हता.

दुपारची वेळ. बाया बाहेर चिंचेखाली भाकरी खायला गेल्या होत्या. आत बाळाक्का एकटी होती. पुरुषभर उंचीचे तंबाखूचे ढीग, आणि हवेत अशी भुकटी की श्वास घ्यायचा की सोडायचा, हे ठरेना.

"डोळं मिटा," ती म्हणाली. मी मिटले. तिने माझ्या एका हातात मूठभर काहीतरी ठेवलं, दुसऱ्या हातात दुसरं. "ह्यो कडक माल. ह्यो मऊ. कळला फरक?"

मी उत्तर देण्याआधी शिंकलो. असा शिंकलो, की दोन्ही हातांतला माल एक झाला. बाळाक्का भिंतीला धरून हसली.

मग ती खरोखर सांगायला लागली. "नव्या पोरीला पयल्याच दिशी समदी वखार दावली, तर ती पळून जाईल. आमी दोन ढीग देतो. दोनच. आन तितंच कामाला बसवतो. निवडता निवडता हाताला कळतंय. ते दोन कळलं की तिसरा ढीग. तुमी काय करताय? पयल्या दिशी समदी अक्षरं पोरांच्या म्होरं वतताय, आन कामाला लावताय वर्सानं. तवर पोरगं झोपलं की हो! दोन-चार अक्षरं द्या, आन त्यास्नी त्याच दिशी कामाला लावा."

मी वखारीतून बाहेर पडलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तंबाखूमुळेच.

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी पुस्तक कपाटात टाकलं. क ते ज्ञ हा क्रमही सोडला. चारच अक्षरं घेतली: ब, स, र, क. पुरी अक्षरं, अर्धी नाहीत. पोरांना ती दिवसभर पाटीवर, धुळीत, एकमेकांच्या पाठीवर बोटाने काढायला लावली. तिसऱ्या दिवशी वर्ग उभा होता. मी काही न बोलता फळ्यावर दोन अक्षरं लिहिली. "बस."

सगळे नेहमीसारखे ओरडले, "ब! स! ब! स!" शेवंता ओरडली नाही. तिने फळ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि ती खाली बसली.

मी नोकरीत पुष्कळ समारंभ पाहिले, पण त्या बसण्याइतकं काही लक्षात राहिलेलं नाही. शेजारची पोरं तिच्याकडे, मग फळ्याकडे बघायला लागली. आणखी दोन बसली. मग पाच. शेवटी एकच पोरगं उभं राहिलं, आणि त्याला बाकीच्यांनी हाताला धरून खाली ओढलं. मग मी लिहिलं, "सरक." हे मी विचार करून लिहायला हवं होतं. सगळी ओळ एकदम सरकली आणि दाराशी बसलेला पोरगा पायरीवरून खाली अंगणात गेला.

त्यानंतर आमचं चांगलं जमलं. चार अक्षरं, मग आणखी चार. प्रत्येक अक्षराला त्याच दिवशी काम. पुरेशी अक्षरं झाली की काना, आणि तोही गाऊन नाही. "कर" आणि "कार" शेजारी लिहून तोंड किती उघडतं ते एकमेकांचं बघायचं. मग वेलांट्या, मात्रे. जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, कारण ती पोरांना भांडणातल्या दोन माणसांसारखी दिसतात, कोण कोणाच्या अंगावर आहे ते कळत नाही. तक्रारी झाल्याच. एक बाप आला. "मास्तर, तीन महिने झाले, माज्या पोराला ज्ञ येत न्हाय."

"पण तो 'बस' वाचतो."

"न्हाय वाचलं तरी बसतोयच की त्यो. उठतोय कुटं?"

रावजी मास्तर सारं दाराआडून बघत. बोलले काही नाहीत. कानडीतसुद्धा नाही.

पुढच्या तपासणीला दिपोटी पुन्हा आले. उलट्या पुस्तकाची आठवण त्यांनी जपून ठेवली होती. पुस्तक त्यांनी हातातच घेतलं नाही. खडू घेतला आणि स्वतः फळ्यावर लिहिलं, "टोपी काढ." पोरांनी ओठ हलवले. वर्गभर टोप्या निघाल्या. मुलींच्या डोक्यावर टोप्या कुठून येणार? दोघी घाबरून खाली बघत बसल्या. शेवंता मात्र उठली. फळ्यावर लिहिलंय म्हणजे टोपी काढायला हवी. तिने इकडेतिकडे पाहिलं, साहेब खुर्चीवर बसले होते, त्यांच्यापाशी गेली, आणि त्यांची काळी टोपी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली.

रावजी मास्तरांनी डोळे मिटले. साहेबांचं टक्कल आम्ही सर्वांनी प्रथमच पाहिलं. क्षणभराने ते टक्कल हलायला लागलं. साहेब हसत होते.

ते उठून माझ्यापाशी आले. "उत्तम! ही रीत कुठून शिकलात?"

बाळाक्का नातीला न्यायला आली होती. उघड्या दाराशी पायरीवर बसून मशेरी लावत होती. मी तिला पाहिलं. तिने मला पाहिलं. खोलीत दिपोटी, हेडमास्तर, दोन पंच. वखारीतल्या बाईने शिकवलं, असं सांगायला किती वेळ लागला असता? "बस" लिहायला लागतो तेवढा. मी म्हणालो, "एका इंग्रजी पुस्तकातून, साहेब."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. बाळाक्का उठली, अंगणात थुंकली आणि शेवंताला घेऊन गेली. नंतरही ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. एरवी ती कशाहीबद्दल बोलायची, त्यामुळे ते न बोलणं मला फार लागलं.

थोड्या दिवसांनी हुकूम आला. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला मास्तरांचा वर्ग भरणार होता. तिथे मी माझी पद्धत दाखवायची. माझी!

आणि त्याच सुमारास बाळाक्काच्या मुलाचं पत्र आलं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. बाळाक्काने मला निरोप धाडला. मी तिच्या घरी गेलो. दार लावलेलं होतं. शेवंता पाटावर बसली, पत्र उघडलं, आणि बघतच राहिली. मग कागद उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"मास्तर," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "ह्यात अक्षरं न्हाईत. गांडुळं हायती."

मी वाकून पाहिलं. पत्र मोडीत होतं. पलटणीतल्या कोणा म्हाताऱ्या लिहिणाराने झरझर ओढलेली मोडी. शाळेत आम्ही देवनागरी शिकवत होतो. मोडीची पाळी पुढच्या वर्गात. वर्षभर मी या पोरीला घडवलं, आणि लढाईवरून येणारं पत्र कोणत्या लिपीत येईल, हा साधा प्रश्न माझ्या पदवीधर डोक्यात एकदाही आला नाही. मला वाटत होतं, जग पाठ्यपुस्तकासारखं छापलेलं असतं. बाळाक्काचा प्रश्न तर वेगळाच. तिला लिप्या दोन असतात हेच ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "तुमी शाळंत एक शिकवताय, आन लोक लिवत्यात दुसरंच? मग ह्ये शिकून करायचं काय वो?"

मी पत्र वाचून दाखवलं, हळू आवाजात. मुलगा खुशाल होता. पारू आली का, असं पुन्हा विचारत होता. बाळाक्काने कागद घडी करून चोळीत ठेवला.

"वाचलंसा. बरं झालं. पण दिवाणजी बी वाचतोय आन तुमी बी वाचताय. पोरगीचं काय? पाडव्यापास्नं ती वखारीत."

"आक्का, तिला वाचता येतं! साहेबांची टोपी..."

"टोपी बगितली मी. त्यो फळ्याचा खेळ. रावजी मास्तरांची पोरं बी साहेबाम्होरं वाचत व्हतीच की, पुस्तक उलटं धरून. पाठ केलंय का वाचलंय, ते मला कसं कळायचं? मला न्हाय अक्षर येत."

शेवंता पाटावर तशीच बसली होती. रडत नव्हती. नखाने जमिनीच्या सारवणात ब, स, र, क काढत होती आणि हाताने पुसत होती.

बाळाक्काने ते पाहिलं.  मग म्हणाली, "तुमी बेळगावला जाणार हायसा नव्हं? तितनं मला एक कागद लिवा. पोरगीच्या अक्षरात. आन त्यात असं कायतर लिवा, की जे तुमाला आन मला ठावं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाय. पोरीला न्हाय, दिवाणजीला न्हाय. पोरीनं ते वाचलं, तर वाचलं म्हणायचं. माजं ठरलं."

आजवर मी परीक्षेवर बरीच पुस्तकं वाचली. इतकी चोख परीक्षा एकातही सापडली नाही.

बेळगावला मी चार दिवस व्याख्यानं दिली. समोर साठ मास्तर, बहुतेक माझ्याहून मोठे. मी फळ्यावर "बस" लिहिलं आणि ते सगळे हसले. मी इंग्रजी पुस्तकाचं नाव घेतलं, विलायतेचं नाव घेतलं. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन कागद पुढे घ्यायचो. बाळाक्काला आणि मला ठाऊक असलेल्या गोष्टी काही कमी नव्हत्या. तिच्या दारातल्या मांजरीबद्दल लिहिता आलं असतं. तिने मला दिलेल्या लसणाच्या चटणीबद्दल लिहिता आलं असतं. तिसऱ्या दिवशी लिहिलं ते वेगळंच. शेवंताची जोडाक्षरं अजून झाली नव्हती, त्यामुळे "नमस्कार", "मास्तर", "आक्का" हे शब्द वापरता येईनात. पत्र सकाळी टपालात टाकलं आणि परत येऊन चौथ्या दिवशीचं व्याख्यान दिलं. त्यातही विलायत होतीच. साठ मास्तरांपुढे खरं बोलणं मला त्या दिवशी जमलं नाही, पुढेही बरीच वर्षं जमलं नाही. आज इथे लिहितोय ते त्यासाठीच.

सुट्टी संपून शाळा भरली. हजेरी घेतली. शेवंताचं नाव आलं आणि कोणी "हजर" म्हणालं नाही. मी पुढचं नाव घेतलं. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. अर्ध्या तासाने पायरीशी सावली पडली. पुढे शेवंता, मागे बाळाक्का, कंबरेवर हात.

"उशीर झाला, मास्तर. वखारीत गेलतो."

मी खडू खाली ठेवला. "वखारीत? कामाला?"

"काम कसलं! कागद वाचायला. घरात आदी वाचला तिनं, दार लावून. शिंकेपाशी आली तवाच मला कळलं, ही वाचालीया म्हणून. शिंकेचं पोरीला कोण सांगणार? मग म्हटलं, ह्यो कागद दार लावून वाचायचा न्हाय. नेली वखारीत. दिवाणजीला बैठकीवरनं उठवला, तितं पोरीला बसवली, आन म्हटलं, वाच आता. मोट्यानं."

"सगळ्यांपुढे?"

"दोन येळा. दिवाणजी म्हणाला, अक्षर बरं हाय मास्तराचं. मी म्हटलं, तोंड आवर." ती हसली आणि चारही दात दिसले. मग शेवंताच्या पाठीवर थाप मारून तिला आत ढकललं. "घ्या. आन ती गांडुळं बी शिकवा हिला आता."

शेवंता आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारच्या मुलीला म्हणाली, "सरक."

ते पत्र पुढे बाळाक्काच्या घरच्या ट्रंकेत राहिलं. पारू पुढे सासरी परत आली होती; बाळाक्का वारल्यावर तिनेच ते मला आणून दिलं. जसंच्या तसं खाली देतो.

आई,

मी बेळगावात सुखरूप आहे. इथे थंडी आहे.

मी इथे रोज साठ गुरुजींना शिकवतो. ते मला विचारतात, तू हे कुठे शिकलास. मी सांगतो, साहेबाची पोथी वाचून. ते खोटे आहे.

दुपारी सगळी माणसे भाकरी खायला गेली होती. वखारीत तू आणि मी, दोघेच होतो. तू मला डोळे मिटायला लावलेस. माझे दोन हात पुढे घेतलेस. एका हातात कडक पान दिलेस, एका हातात मऊ पान दिलेस. मी शिंकलो. सगळे एक झाले. तू भिंतीला धरून हसलीस. मग तू मला शिकवलेस. मी शाळेत जे करतो ते सगळे तुझे आहे.

साहेब शाळेत आले, टोपी निघाली, साहेबांनी मला विचारले. तू पायरीवर बसली होतीस. मी तुझे नाव घेतले नाही. तू ते ऐकलेस. मला काही बोलली नाहीस. मला लाज वाटली. अजून वाटते.

हा कागद शेवंता वाचत असेल. ती कुठे अडली, तर चूक माझी आहे, तिची नाही. तिला वेळ दे. तिला वखारीत नेऊ नको. वखारीत माणूस कमी पडत असेल, तर मी येतो. दोन ढीग मला आता ओळखता येतात.

तुझा
महादेव